कर्वेनगरातला सेल का झोपला नाही

१

कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या गच्चीवरचा सेल आठवडाभर झोपला नाही, आणि त्यापायी येरवड्यातल्या काचेच्या इमारतीत बसणाऱ्या एका मुलीवर नोकरी जायची वेळ आली. नुसती नोकरी जाणार असती तर रावसाहेब इंगोल्यांनी चष्माही पुसला नसता. नोकऱ्या काय, येतात आणि जातात. पण कंपनी तिच्या कागदांवर ‘घातपात’ असा शब्द लिहिणार होती. तो शब्द एकदा चिकटला की त्या माणसाला या शहरात पुन्हा कोणी कॉम्प्युटरला हात लावू देत नाही.

रावसाहेब टेलिफोन खात्याच्या दक्षता विभागातून निवृत्त झालेले. मूळचे वाशीमकडचे, पण उभी नोकरी सदाशिव पेठेत राहून केल्यामुळे पेठेतल्या लोकांनाही लागेल इतकं तुटक बोलायला शिकले होते. घातपाताचा आरोप ठेवून कुणाला काढायचं तर बाहेरच्या चौकशी अधिकाऱ्याची सही लागते, असा कंपनीचा नियम होता. निवृत्त सरकारी माणूस म्हणजे चहा-बिस्किटांवर सही करणारा प्राणी, असा कंपनीचा समज. समज अगदीच खोटा नव्हता, फक्त प्राणी निवडताना चूक झाली होती.

येरवड्यात तुरुंग आहे आणि आयटी पार्कही आहे. दोन्हीकडे फाटकावर नाव लिहून घेतात, गळ्यात नंबर अडकवतात आणि जेवणाची वेळ ठरवून देतात. तुरुंगातल्या माणसाला आपण कधी सुटणार हे माहीत असतं, एवढाच काय तो फरक, असं मनाशी म्हणत रावसाहेब पाचव्या मजल्यावर पोचले.

‘नभांकुर टेक्नॉलॉजीज’चे मालक श्याम दाबके यांनी उठून हस्तांदोलन केलं. माणूस गुळगुळीत. बाजूला आनंद कर्णिक उभा होता, त्याचं पद कार्डावर दोन ओळींत छापलेलं. सगळी कामं त्याच्या हाताखाली होती, म्हणजे त्याच्या हातात कुठलंच नव्हतं.

“वी आर अ फॅमिली, रावसाहेब,” दाबके म्हणाले.

“भावकीतच जास्त खून होतात,” रावसाहेब म्हणाले. “प्रकरण सांगा.”

प्रकरण असं होतं. फोर-जी नुकतंच गल्लीबोळांत पोचलं होतं. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरवर दोन सेल असतात. सेल म्हणजे टॉर्चमधला नव्हे. टॉवरचा जो भाग आसपासच्या फोनना नेट पुरवतो, तो सेल. पहिला कायम जागा असतो. दुसरा गर्दीपुरता, मागणी वाढली की उठवायचा आणि ओसरली की झोपवायचा. जागा असला की तो वीज खातो बकासुरासारखी. पण झोपवून ठेवला तर उठायला क्षणभर घेतो, आणि तेवढ्या वेळात लोकांच्या फोनवर ते गोल चाक फिरत बसतं. लवकर उठवला तर बिल बोंबलतं, उशिरा उठवला तर गिऱ्हाईक बोंबलतं. नेमकं कधी उठवायचं आणि कधी झोपवायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर नभांकुरने केलं होतं, आणि त्यातला नियम आम्रपाली तायडे या मुलीने लिहिला होता.

एका मोठ्या मोबाइल कंपनीने कर्वेनगरात त्याची आठवडाभर चाचणी घेतली. वेग असा मिळाला की ग्राहकाचे डोळे दिपले. मग विजेचा आलेख आला आणि डोळे पांढरे झाले. दुसरा सेल आठवडाभर एकदाही झोपला नव्हता.

“किती मागणी झाली की सेल उठवायचा, ती मर्यादा कुणीतरी पार तळाला नेऊन ठेवली होती,” आनंद म्हणाला. “मी स्वतः शोधून काढलं. लॉगिन तिचं. मोटिव्ह क्लिअर आहे, तिला प्रमोशन मिळालं नव्हतं.”

“आम्ही सगळ्या स्टाफसमोर तिचं नाव सांगितलं,” दाबके म्हणाले. “ट्रान्स्परन्सी. तुम्ही उद्यापर्यंत सही द्या.” मग त्यांनी तेवढ्याच गांभीर्याने आनंदला विचारलं, “आणि माझ्या फिल्मचं काय झालं?”

“एडिट चालू आहे, सर.”

रावसाहेबांनी टेबलावरचा विजेचा आलेख उचलला. फूटपट्टीने मारावी तशी सरळ रेघ होती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली आणि घडी घालून खिशात ठेवली.

“तो कॉन्फिडेन्शियल आहे,” आनंद चटकन म्हणाला. “इंजिनिअर्सनासुद्धा दाखवलेला नाही.”

“मी इंजिनिअर नाही,” रावसाहेब म्हणाले. पण जो कागद मुलीविरुद्धचा पुरावा म्हणून आणला, तो मुलीलाच दाखवायचा नाही, ही गोष्ट त्यांना खटकली.

२

चौकशीला त्यांना एक काचेची खोली दिली होती. खोलीचं नाव ‘सह्याद्री’. शेजारच्या संडासाला नाव दिलं नव्हतं, हे नशीब.

प्रत्येकाला रावसाहेब एकच प्रश्न आधी विचारत. “मी अडाणी माणूस. हा सेल उठतो कसा आणि झोपतो कसा, ते सांगा.”

पहिला तेजस लिमये आला. दाढी राखलेली, टी-शर्टावर इंग्रजीत काहीतरी उद्धट लिहिलेलं. त्याने लिहिलेला नियम बाजूला सारून आम्रपालीचा घेतला होता, म्हणून त्याचं तिच्याशी वाकडं.

“सर, टू सेपरेट लॉजिक्स आहेत. उठायला लिमिट, झोपायला टायमर. मागणी लिमिटच्या वर साचली की उठव. मग थोडा वेळ कोणीच काही मागितलं नाही की टायमर संपतो आणि झोपव. तिचा टायमर फारच शॉर्ट आहे. जरा गॅप मिळाला की लगेच झोप. माझं भांडण तेच होतं. यूजरला चाक दिसलं की तो गेला. वीज-बिज कोण बघतं?”

“जो बिल भरतो तो. तुमचं बिल कोण भरतं?”

“बाबा.”

“वाटलंच. तिचा पासवर्ड तुम्हाला माहीत होता?”

“सगळ्यांनाच असतो, सर. प्रत्येकाच्या मॉनिटरला चिठ्ठी असते. कोणी रजेवर गेलं तर काम अडू नये म्हणून.”

म्हणजे पासवर्ड हा या कंपनीत सार्वजनिक नळ होता. रावसाहेबांनी मनातल्या मनात त्या लॉगिनच्या पुराव्यावर काट मारली.

मग अपेक्षा निकम आली, चाचणी विभागाची प्रमुख. थकलेली बाई, पण डोळे जागे. “उठतो मागणीने, झोपतो कंटाळ्याने,” ती म्हणाली. “कुणी काही मागेनासं झालं की थोडी वाट बघून झोपतो. उठायचा आणि झोपायचा एकमेकांशी संबंध नाही.”

“चाचणीच्या वेळी किती मागणी होती, त्याच्या नोंदी द्या.”

अपेक्षाने मान खाली घातली. “नेहमी ठेवतो. या वेळच्या पुसल्या गेल्यात. सर्व्हरवर जागा कमी पडली म्हणे.”

“जागा सोय बघून कमी पडते का? कुणी पुसल्या?”

“मला नाही माहीत,” असं म्हणून ती आणखी काहीतरी बोलणार होती. पण काचेपलीकडून आनंद गेला आणि तिने तोंड मिटलं.

शेवटी आनंद आला. खुर्चीत बसला तोच मुळी मागे रेलून. “सोप्पंय, सर. एक रेघ आखलेली आहे. मागणी रेघेच्या वर गेली, सेल ऑन. रेघेच्या खाली आली, सेल ऑफ. तिने रेघ जमिनीला टेकवली. मग मागणी रेघेच्या खाली जाणारच कशी? सेल ऑफ झालाच नाही. क्लाएंटला मी नेहमी असंच समजावतो.”

“छान समजावता,” रावसाहेब म्हणाले. “मुलगी कशी आहे?”

“ॲटिट्यूड आहे. अशा मुलींना आपण संधी देतो, आणि...”

“अशा म्हणजे कशा?”

आनंदने घड्याळ पाहिलं. त्याला मीटिंग होती. असल्या माणसांना अडचणीच्या प्रश्नाच्या वेळी नेमकी मीटिंग असते. तो गेल्यावर ज्या खुर्चीत तो बसला होता तिच्याकडे रावसाहेबांनी अशा नजरेने पाहिलं की खुर्चीलाच लाज वाटावी.

३

आम्रपालीचं लॉगिन बंद केलं होतं, म्हणून ती कॅन्टीनमध्ये बसून होती. तिच्या आजूबाजूची टेबलं रिकामी. कालपर्यंत तिच्या डब्यातलं खाणारे लोक आज तिला ओळखत नव्हते. रावसाहेब तिच्यासमोर बसले.

“तायडे बाई, ती मर्यादा तुम्ही खाली आणली?”

“नाही, सर.”

“मग रडत का नाही?”

“रडले की म्हणतील, बघा, कबूल केलं.” ती त्यांच्याकडे सरळ बघत होती. “माझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिला ‘घातपात’ म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही, पेपरात वाचलेला शब्द आहे तिचा. माझ्या नावापुढे तो वाचला तर काय होईल, ते मला बघायचं नाही.”

रावसाहेबांना तिचं वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की ते आणखी तुटक होत. “सेल कसा झोपतो ते सांगा,” ते गुरकावले.

तेजसने सांगितलं तेच तिनेही सांगितलं, फक्त कमी शब्दांत. रावसाहेबांनी खिशातून आलेख काढून उलगडला. “हे पाहिलंत का?”

“मला कुणी काहीच दाखवलं नाही. वीज जास्त गेली, एवढंच सांगितलं.” तिने कागद ओढून घेतला. रेघेवरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबवलं.

“कर्वेनगरात मी फिरलेलो आहे,” रावसाहेब म्हणाले. “तिथे दुपारी जेवण झालं की माणसंच काय, कुत्रीही आडवी होतात. तेव्हा कोण नेट मागतंय? तरी रेघ खाली येत नाही. मर्यादा तळाला आणली तर काय व्हायला हवं होतं?”

“साध्या मेसेजनेसुद्धा सेल उठला असता,” ती सावकाश म्हणाली. “सारखा उठला असता. पण मेसेज आला, गेला, मध्ये शांतता. शांतता मिळाली की माझा टायमर त्याला झोपवतोच. म्हणजे रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसायला हवी, वर-खाली, वर-खाली. ही सरळ आहे, सर.” तिचा आवाज बदलला. “मर्यादेने हे होणारच नाही. ती कितीही खाली आणा, होणार नाही!”

“मग कशाने होईल?”

“टायमर बंद केला तर.”

“टायमरला कुणी हात लावलाय का?”

“आरोपात तरी नाही. फक्त मर्यादा म्हणतात.”

“मग उरलं काय?”

तिने कागद खाली ठेवला. “क्षणभराचीही शांतता मिळाली नाही, असं झालं तर. कुणीतरी आठवडाभर, न थांबता, त्या गच्चीच्या आसपास बसून नेट मागत होतं. पण माणूस इतका वेळ मागूच शकत नाही.”

“माणूस नाही,” रावसाहेब उठत म्हणाले. “पण माणसाने ठेवलेलं काहीतरी मागू शकतं. त्या दुसऱ्या सेलची पोच किती?”

“ती सोसायटी आणि शेजारची गल्ली. बस.”

४

ज्या गच्चीवर तो टॉवर होता, त्या ‘सुखनिधी’ सोसायटीच्या सचिव हेमलता सोवनी. कर्वेनगरात देवळं कमी आणि सोसायटीचे सचिव जास्त, आणि नवसाला दोघंही पावत नाहीत. रावसाहेब जिन्याजवळ पोचले तोच त्यांना बाईंची पाटी दिसली. सुवाच्य अक्षर, लाल शाई.

‘गच्चीच्या जिन्यातील प्लगवर अहोरात्र मोबाइल लावून ठेवणाऱ्या अज्ञात विद्वानास: वीज सोसायटीची आहे, आपल्या तीर्थरूपांची नाही. मोबाइल सचिवांच्या ताब्यात आहे. समक्ष येऊन, मान खाली घालून, माफी मागून न्यावा. निरोप्या पाठवू नये.’

रावसाहेबांनी ती पाटी पुन्हा एकदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. कोणीतरी आपल्या तोडीचं भेटलं या समाधानात त्यांनी बेल दाबली.

दार चार बोटं उघडलं. “काही विकायचं असेल तर नको आहे,” सोवनी बाई म्हणाल्या.

“माफी मागायला आलोय.”

दार आणखी चार बोटं उघडलं. “फोन तुमचा?”

“नाही. ज्याचा आहे तो माफी मागणाऱ्यांतला नाही. म्हणून मी आलो.”

हे बाईंना पटलं. त्यांनी रावसाहेबांना खुर्ची दिली, पाणी मात्र दिलं नाही. बाई मुलीकडे नाशिकला गेल्या होत्या. परत आल्या आणि जिन्यात बघतात तर पाण्याच्या टाकीमागे फोन, प्लगला लावलेला, तव्यासारखा तापलेला. “स्क्रीनवर कुणीतरी बोलत होतं,” त्या म्हणाल्या. “रिकाम्या जिन्याला भाषण! मी वायर उपटली.”

“कधी?”

“आले त्याच दिवशी. त्या टॉवरवाल्यांची चाचणी का फिचाचणी ज्या दिवशी संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“फोन न्यायला कोणी आलं नाही?”

“एक आला होता. हेल्मेट घातलेला. म्हणाला, फोन माझा नाही, पण द्या. मी म्हटलं, आधी डोकं दाखवा. डोकं न दाखवता पळाला.” बाईंनी नाक मुरडलं. “डोक्यात काही असतं तर दाखवलं असतं.”

त्यांनी कपाटातून फोन काढून दिला. पाठीवर नभांकुरचा स्टिकर होता, आणि स्टिकरवर लिहिलं होतं: चाचणी विभाग.

चाचणी विभाग म्हणजे अपेक्षा निकम. बोलता बोलता तोंड मिटणारी.

रावसाहेबांनी फोन सुरू केला. जिन्याला कोण भाषण देत होतं ते पडद्यावर उमटलं, आणि हसू त्यांना आवरेना. सोवनी बाईंनी मात्र तो सभ्यपणा नाही असं ठरवून त्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

५

“हा तुमचा फोन,” असं म्हणून रावसाहेबांनी तो अपेक्षासमोर ठेवला. तिचा चेहरा उतरला.

“माझ्या विभागाचा आहे. मी ठेवला नाही.”

“तर मग मघाशी जे गिळलंत ते आता बोला.”

अपेक्षाने काचेकडे पाठ केली. “सर, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे. वेगाची चाचणी घ्यायच्या आधी आम्ही एका फोनवर काहीतरी मोठं डाउनलोड लावतो. दुसरा सेल उठतो, मग खरी चाचणी सुरू. चाक फिरत नाही, आकडा झकास येतो. त्याला आम्ही ‘वॉर्म-अप’ म्हणतो.”

“म्हणजे पाहुणे यायच्या आधीच पोहे परतून ठेवायचे, आणि ‘बघा, क्षणात झाले’ म्हणायचं.”

“हो.” ती लाल झाली. “सगळ्याच कंपन्या करतात.”

“चोरही असंच म्हणतात. आजवर ग्राहकांना दिलेले वेगाचे सगळे आकडे असेच?”

“सगळे.” हा शब्द उच्चारायला तिला बरेच कष्ट पडले. “पण चाचणीपुरतं, सर. काही मिनिटं. या खेपेला ग्राहकाचा मोठा साहेब न सांगता कर्वेनगरात येऊन वेग तपासणार होता. आनंद सर म्हणाले, आठवडाभर एक फोन तिथे चालूच ठेवा. मी नाही म्हटलं. म्हटलं, सेल झोपणारच नाही, विजेचा आलेख मातीत जाईल. ते हसले. म्हणाले, लिमिटच्या खाली आपोआप झोपतो, तुम्ही बायका फार काळजी करता. मग दुसऱ्या दिवशी कपाटातला एक फोन कमी झाला.”

“आणि तुम्ही गप्प बसलात. ती मुलगी कॅन्टीनमध्ये एकटी बसली होती तेव्हाही.”

“वॉर्म-अपचं बाहेर आलं असतं तर पहिली मीच गेले असते,” अपेक्षा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रावसाहेबांना ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

“एकच सांगा. तुमच्या विभागातला माणूस फोनवर सतत मागणी चालू ठेवायला काय वापरेल?”

“आमचं टेस्टिंगचं ॲप. बटण दाबलं की चालू.”

“कुणाची फिल्म नाही लावणार?”

“फिल्म?” अपेक्षा गोंधळली. “कसली फिल्म?”

६

दाबके यांच्या केबिनमध्ये रावसाहेबांनी चहा नाकारला. आनंद भिंतीला टेकून उभा होता, तेजस आणि अपेक्षा खुर्च्यांवर. आम्रपालीला बोलावणं नव्हतं. रावसाहेबांनीच तिला आत आणलं.

“सही झाली?” दाबके म्हणाले.

“होईल. आधी हे बघा.” रावसाहेबांनी रेघेचा कागद पसरला. “मर्यादा खाली आणल्याने ही रेघ येत नाही. तेजसराव, बरोबर?”

तेजसने आलेख पहिल्यांदाच पाहिला. त्याला आम्रपाली आवडत नव्हती, पण रेघ ही रेघ असते. “नाही येत, सर. अपडाउन दिसायला हवं. ही तर पूर्ण फ्लॅट आहे.”

“म्हणजे सेल जागा राहिला तो दुसऱ्याच कारणाने. मग मर्यादा खाली कुणी आणली, आणि का? चाचणी बिघडवायला नाही. चाचणी बिघडल्यावर, तिला कारण दाखवायला. विजेचा आलेख आल्यानंतर कुणीतरी या मुलीचं लॉगिन उघडलं आणि एक नंबर बदलला. आता गंमत बघा. तुमच्यातल्या ज्याला हा नियम कळतो, त्याला तिला अडकवायचं असतं तर त्याने टायमर बदलला असता. मर्यादा बदलून सेल जागा राहत नाही, हे तिघा इंजिनिअरांनी मला सांगितलं. एकच गृहस्थ म्हणाला की रेघ एकच आहे, वर ऑन, खाली ऑफ. त्याला वाटलं, मर्यादा पाडली की काम फत्ते. ज्याला जे माहीत, त्याने तेच बदललं.”

सगळ्यांनी आनंदकडे पाहिलं. तो हसला. “ही थिअरी झाली. मी मॅनेजर आहे, सर. डिटेल्स माहीत असणं माझं काम नाही.”

“ते दिसलंच,” असं म्हणून रावसाहेबांनी फोन टेबलावर ठेवून चालू केला.

पडद्यावर दाबके उगवले. मागे सूर्योदय, छातीवर हात, आणि धीरगंभीर आवाज: “नभांकुर म्हणजे केवळ कंपनी नाही...”

“कर्वेनगरच्या एका जिन्यात आपण आठवडाभर अखंड बोलत होता,” रावसाहेब म्हणाले. “नेटवरून, सर्वांत जड दर्जात. ऐकायला पाण्याची टाकी होती. अखंड हरिनाम ऐकलं होतं, अखंड दाबके पहिल्यांदाच.”

दाबके फोनकडे वाकले. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. “ही फिल्म तयार झाली? मला सांगितलं, एडिट चालू आहे! आनंद, मला का दाखवली नाहीस?”

मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त होणार होतं तेव्हा त्या कपाळावर एकही आठी नव्हती, हे रावसाहेबांनी पाहून ठेवलं.

“तुम्ही पाहिलेली नाही म्हणजे तुम्ही लावलेली नाही,” ते म्हणाले. “चाचणी विभागाने लावली असती तर ॲप लावलं असतं. ज्याला ते ॲप चालवता येत नाही आणि ज्याच्याकडे ही फिल्म आहे, असा माणूस या खोलीत एकच आहे.”

आनंदने गळ्यातला पट्टा सैल केला. “मी कंपनीसाठीच केलं,” तो म्हणाला. “साहेब अचानक आला असता आणि चाक फिरलं असतं तर काँट्रॅक्ट गेलं असतं. मग वीज... मला वाटलं नव्हतं. फोनचं कळलं असतं तर जुने सगळे आकडेही उघडे पडले असते. म्हणून नोंदी पुसल्या. कुणाचं तरी नाव पुढे करणं भाग होतं.”

“आणि जिच्यामागे इथे कुणाचा मामा-काका नाही, तिचं सापडलं.”

 आम्रपालीने आनंदकडे पाहिलं, आणि आनंदला पुन्हा एकदा घड्याळ बघावंसं वाटलं.

दाबके गालांत हवा भरून बसले होते. मग त्यांचा चेहरा परत गुळगुळीत झाला. “ओके. तायडेवरचा आरोप मागे. आनंद बेंगळुरूला जाईल, तिथे एक मोठी पोझिशन रिकामीच आहे. बाहेर मात्र ‘तांत्रिक गैरसमज’ एवढंच सांगू. फोनबद्दल एक अक्षर नको. तायडे, यू आर हॅपी?”



७

संध्याकाळी सगळा स्टाफ हॉलमध्ये जमा झाला. याच हॉलमध्ये दाबके यांनी माइकवरून तिचं नाव घातपाताला जोडलं होतं. रावसाहेब मागच्या भिंतीशी उभे राहिले. अहवालावर त्यांनी सही केली होती, अहवाल लिहूनही दिला होता, त्यात सगळं स्वच्छ होतं. पण दाबके तो कुठल्या कपाटात कोंडतील, हे त्यांना ठाऊक होतं. खात्यात त्यांनी असे बरेच अहवाल मरताना पाहिले होते.

“फ्रेंड्स,” दाबके म्हणाले, “कर्वेनगरच्या बाबतीत एक तांत्रिक गैरसमज झाला होता. तो दूर झालेला आहे. आपली सहकारी आम्रपाली हिच्याबद्दल कुणाच्या मनात काही असेल तर ते काढून टाका. लेट्स मूव्ह ऑन.”

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कॅन्टीनमधले तेच लोक आता तिच्याकडे वळून प्रेमाने हसू लागले. रावसाहेबांना त्या हसण्याची शिसारी आली.

आम्रपाली उभी राहिली.

“सर, गैरसमज झाला नव्हता,” ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. “एका माणसाने जिन्यात फोन ठेवला, आणि मग माझ्या नावाने नंबर बदलला. माझं नाव घ्यायला तुम्ही माइक घेतला होता. आता त्यांचं घ्या.”

“तायडे, हे आपण केबिनमध्ये बोलू.”

“माझ्याबद्दल केबिनमध्ये बोलला नव्हतात.”

 दाबके यांनी एचआरकडे पाहिलं, एचआरने छताकडे. मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि अपेक्षा निकम उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता.

“वॉर्म-अप माझा विभाग करत होता,” ती म्हणाली. “आजपर्यंतच्या सगळ्या चाचण्यांत. ग्राहकालाही हे मीच सांगणार आहे, सर. कर्वेनगरची चाचणी पुन्हा घ्यायची. जिन्यात काही न ठेवता. चाक फिरेल तिथे फिरेल.”

पाठोपाठ तेजस उठला. ‘आम्रपालीचा नियम बरोबर आहे,’ असं तो पुटपुटला, ‘थोडा स्लो आहे, पण बरोबर आहे.’ या माणसाकडून यापेक्षा जास्त मिळणार नव्हतं, आणि एवढंही मिळेल असं रावसाहेबांना वाटलं नव्हतं. ते आयुष्यभर माणसांकडे नाक वर करून बघत आले होते आणि बहुतेक वेळा बरोबर ठरले होते. त्या उभ्या मुलीकडे बघताना मात्र त्यांचा ऊर भरून आला, आणि ते लपवावं असं त्यांना वाटलं नाही.

आनंद दुसऱ्या रांगेत होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी खुर्च्या जराशा बाजूला घेतल्या.

“सर,” आम्रपाली पुन्हा म्हणाली, “मी उभी आहे.”

दाबके यांनी घसा खाकरला. माइक दोनदा तोंडाजवळ नेला आणि खाली घेतला. काचेबाहेर येरवड्याचे दिवे लागत होते. कुणाचा फोन वाजला, त्याने तो घाईघाईने बंद केला.

“आनंद कर्णिक,” दाबके म्हणाले.

आम्रपाली खाली बसली.